ताई, करारावर सहीची दुसरी जागा आमची होती

आदरणीय ताई,

तुम्ही दिलेल्या प्रशिक्षणाबद्दल कार्यालयाचं आभारपत्र तुम्हाला मिळालंच असेल. हे पत्र मात्र सांगली जिल्ह्यातल्या बालगृहातल्या आम्हा काळजीवाहकांचं, पोरांबरोबर रात्रंदिवस राहणाऱ्यांचं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम ८२ नुसार संस्थेत मुलाला शारीरिक शिक्षा करणं गुन्हा आहे, हे आम्हाला पाठ आहे. पण भर पंगतीत पोरानं ताट भिरकावलं तर पुढं काय करायचं, हे दाखवायला कुणी आलं नव्हतं. तुम्ही आलात. आम्हालाच पोरं बनवून वर्तन करार, म्हणजे मुलानं काय करायचं, आपण काय करायचं आणि जमलं तर बक्षीस काय हे दोघांच्या सहीनं ठरवणारा कागद, लिहायला लावलेत आणि ‘नीट वागेन’ लिहिलेले सगळे कागद परत केलेत. वागणं डोळ्यांना दिसेल असं लिहा, म्हणालात. जेवण, झोप, आईचा फोन हे मुलाचे हक्क. ते बक्षीस म्हणून करारात येणार नाहीत, यावर तुम्ही ठाम राहिलात. फार बरं केलंत.

सकाळी उठवलं की अंगावर धावून येणारा आमचा एक चौदा वर्षांचा मुलगा. त्यानं लिहिलं, ‘शिवी देणार नाही, पाच मिनिटं मागून घेईन.’ आमच्या बाजूला आलं, ‘कुणी पांघरूण ओढणार नाही, नावानं हाक मारू.’ खाली दोघांच्या सह्या. बक्षीस त्यानंच मागितलं: संध्याकाळच्या कबड्डीत पंचाची शिट्टी. जमलं त्याच दिवशी शिट्टी द्यायची, आठवडा संपायची वाट बघायची नाही. नाही जमलं तर शिट्टी दुसऱ्याकडं, त्यावर वेगळी शिक्षा नाही.

शिव्या अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत. पण एकदा बदली ड्युटीवरच्या माणसानं पांघरुणाला हात घातला, तेव्हा हा पोरगा धावून गेला नाही. उशीखालचा कागद काढून त्यानं आमची ओळ दाखवली. ताई, त्या दिवशी तुमची फार आठवण झाली.

रात्रपाळीची माणसं येईपर्यंत तुम्ही थांबलात, स्वयंपाकाच्या मावशींनाही बोलावून बसवलंत, त्याचे आभार वेगळे. करार एका पाळीनं पाळायचा आणि दुसरीनं मोडायचा, असं झालं असतं तर पोरांनी आमच्यावर परत विश्वास ठेवला नसता.

नवीन दोघं रुजू झालेत. दोन करार अडलेत, मुलं सहीच करत नाहीत. सवडीनं एकदा याल का?

आपले,
बालगृहातले काळजीवाहक