कव्हर गेलं, गाणं आहे

सांगली

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "गणपती पेठेतलं रेकॉर्डवाल्या काकांचं दुकान चालू आहे का अजून?" आणि मी काही सांगेपर्यंत तुझी बस आली. म्हणून म्हटलं, सावकाश लिहावं. नाहीतरी या विषयावर आपलं फोनवर बोलणं म्हणजे भांडणच असतं.

दुकान चालू आहे. पाटी तेवढी नाही, २०१९ च्या पुरात गेली ती गेलीच. काका म्हणतात, "पाटी बघून रेकॉर्ड घ्यायला कोण येतंय का?" पुढं तेच अँप्लिफायर दुरुस्तीचं टेबल, तोच सोल्डरिंगचा वास, आणि मागच्या भिंतीला लोखंडी रॅक. रॅकमध्ये सगळ्या रेकॉर्ड उभ्या. एकावर एक आडव्या ठेवल्या की वजनानं वाक येतो, म्हणून कुणी गिऱ्हाईक आडवी थप्पी लावायला लागलं, की काका हातातलं काम टाकून उठतात. एरवी ते कुणासाठी उठत नाहीत.

पुराचं तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पेठेतल्या सगळ्यांनी २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून माल वर चढवला होता. काकांनीही एलपीचे खोके त्या खुणेच्या हातभर वर ठेवले होते. पाणी त्याच्याही वर आलं. ओसरल्यावर शटर उघडलं, तर कव्हरांचा नुसता लगदा आणि वर बोटभर गाळ. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या घरी वरच्या मजल्यावर होत्या, त्या वाचल्या.

आता मुद्द्याचं. कव्हरं गेली, पण रेकॉर्ड गेल्या नाहीत. एलपी म्हणजे शेवटी पीव्हीसी, पाण्यानं तिला काही होत नाही. वाटोळं होतं ते गाळानं, आणि तेही आपल्या घाईनं. खाचेत सुकलेला गाळ कोरड्या फडक्यानं पुसला, की पॉलिश पेपर मारल्यासारखंच. म्हणून काका त्या धूत बसले. श्रीखंडाच्या डब्याची दोन झाकणं, कडेला सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, मधून नटबोल्ट. ही जोडी दोन्हीकडून लेबलवर आवळली, की लेबल कोरडं राहतं. मग परातीत पाणी घेऊन रेकॉर्ड भिजत घालायची, गाळ आपला आपण सुटू द्यायचा. नंतर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा. ब्रश आडवा गेला तर ओरडा खायचा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन ताटाळ्यात उभ्या वाळत लावायच्या. हो, काकूंच्याच ताटाळ्यात. काकूंनी नंतर स्वतःसाठी नवीन आणलं. (७८ ची तबकडी धुताना मात्र स्पिरिट लांब ठेव. स्पिरिटनं लाख विरघळते, आणि मग गाणंही गेलं आणि तबकडीही.)

या धुतलेल्या रेकॉर्डचा आता वेगळा रॅक आहे. साध्या पांढऱ्या कागदाची पाकिटं, त्यावर काकांच्या अक्षरात नाव आणि लेबलवरचा नंबर. एचएमव्हीचा नंबर ईसीएलपीनं सुरू झाला तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ, हे तुला सांगायला नको. किंमत कव्हरवालीच्या पाव. तरी पुण्या-मुंबईचे लोक येतात, पाकिटं बघतात आणि तोंड वाकडं करून पुढच्या रॅककडं वळतात. तुझ्यासारखेच! तुझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जॅकेट कसं आहे?" आवाज कसा आहे, हे तू मला आजवर विचारलेलं नाहीस.

कोऱ्या कव्हरचं काय कौतुक सांगतोस? मी मध्यंतरी एकाकडून ऑनलाइन मागवली होती. फोटोत कव्हर अगदी शोकेसमधलं, कोपरेसुद्धा दुमडलेले नाहीत. घरी येऊन लावली तर सुई लाटेवर चढावी तशी वर-खाली. एवढा वाक! परत घेणार नाही म्हणाला. काकांकडं असलं होत नाही, कारण वाजवून दाखवल्याशिवाय ते रेकॉर्ड हातात देतच नाहीत. तुम्ही नको म्हणालात तरी वाजवतात. घाईत असाल तर म्हणतात, "मग घाई नसंल तवा या."

त्यांनी मला एक खूण दाखवली, ती तुलाही उपयोगी पडेल. लेबलच्या मधल्या भोकाभोवती ट्यूबलाइटखाली तिरकं बघायचं. रेकॉर्ड लावताना स्पिंडल, म्हणजे टर्नटेबलच्या मधला खिळा, चाचपडत लेबलवर घासतो, त्याच्या बारीक पांढुरक्या रेघा उमटतात. रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे, मग कव्हर कितीही देखणं असो. बिनकव्हरच्या रॅकमध्ये अशा बऱ्याच सापडतील, ज्यांच्या लेबलवर जेमतेम दोन-चार रेघा आहेत. कुणीतरी हौसेनं घेतल्या आणि कपाटात ठेवल्या असणार.

७८ साठी त्यांच्याकडं दुसरा टर्नटेबल आहे. त्या खाचा रुंद असतात, त्यांना साधारण तीन हजारांश इंच टोकाची सुई लागते. एलपीची एक हजारांशाहूनही बारीक, ती खाचेच्या तळाशी नुसती खरडत जाते आणि मग लोक म्हणतात, जुन्या रेकॉर्ड खरखरतातच. मी गेलो तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची तबकडी लागली होती. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले, त्याच्या थोडंच आधीची ही ध्वनिमुद्रणं. झिंझोटीतली ठुमरी, सगळं मिळून तीनेक मिनिटांत बसवलेली. इथून दहा किलोमीटरवर मिरजेच्या दर्ग्यात ते विसावलेत, हे ऐकताना डोक्यातून जात नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक म्हातारे कारागीर तिथं स्टुलावर बसलेले असतात. गाण्याला मान डोलवत नाहीत. माझी समजूत अशी, की त्यांना रस नाही, नुसते बसायला येतात. तेवढ्यात काकांनी ख्यालाची एक एलपी लावली, तर म्हातारबा एकदम पुढं वाकले आणि म्हणाले, "पंचमाची तार चढलीया." गवई अजून तोंड उघडायचा होता! ते मागचा तंबोराच ऐकत असतात. मग तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, कशी असावी यावर काकांशी अर्धा तास वाद. जवारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती एलपी मी घेतली. बिनकव्हरची, अर्थात.

मुंबईचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा तू म्हणाला होतास, आता रेकॉर्ड चाळायला जागाच उरली नाही. उरली आहे की! जागा चार माणसांची आहे आणि पावसात गळते, एवढंच.

तर आता कामाचं. वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यपदांची एक एलपी मी तुझ्या नावानं बाजूला काढून ठेवलीय. कव्हर नाही. दुसरी बाजू पूर्ण ऐकली, सुरुवातीला किंचित चटचट आहे, पुढं लख्ख. तुझ्या हॉलमध्ये वसंतरावांचंच एक कव्हर फ्रेम करून लावलंयस ना, ज्यातली रेकॉर्ड घर बदलताना फुटली? ते उतरव आणि मागच्या कोपऱ्यातला नंबर वाचून कळव. इथल्या पाकिटावरचा नंबर मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तू न बघताच "तोच आहे" म्हणशील. काकांनी दिवाळीपर्यंत ठेवतो म्हटलंय, त्यानंतर ते कुणाचं ऐकत नाहीत.

वहिनींना नमस्कार सांग. येताना भडंग मी देईन, डिस्टिल्ड वॉटर तू आण.

तुझा,
गावभागातला