विंचवाच्या विषातलं औषध : अण्णांना पत्र

ब्रिस्बेन,
जून

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

पाऊस लागला असेल. आगरातली लाकडं, पेंढा पडवीत आणायची घाई चालली असेल, तर मधूला सांगा, आधी काठीने हलवून मगच हात घालायचा.

विंचवाच्या विषावर काम करते म्हणजे विंचवाचा उतारा शोधते का, असं तुम्ही त्याच्याकरवी विचारलंत. नाही अण्णा. त्यावरचा इलाज आपल्याच जिल्ह्यात सापडला. लाल विंचवाच्या विषाने अंगातली अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली. गंभीर रुग्णांत पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत, ते प्रमाण एक ते चार टक्क्यांवर आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा इथे मी सगळ्यांना पेढे वाटले होते. तुमच्या शाळेतला तो तिसरीतला मुलगा विंचू चावून मांत्रिकाच्या दारातच दगावला, हे तुम्ही कितीदा सांगितलंत. ही गोळी तेव्हा माहीत असती तर तो कदाचित वाचला असता.

माझं काम निराळं आहे. विंचवाचं विष म्हणजे शेकडो पदार्थांचं मिश्रण. त्यातले काही आपल्या नसांवर जातात, तर काही लहान प्रथिनं, म्हणजे पेप्टाइडं, जंतू मारतात. ऑपिस्थाकँथस मॅडागास्कॅरिएन्सिस नावाच्या विंचवाच्या विषात 2001 साली असं एक पेप्टाइड सापडलं. त्याचं नाव आयएससीटी. अवघ्या तेरा अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांनी बनतात त्या दुव्यांची, साखळी. जंतूच्या आवरणाशी आली की ती काथ्याच्या दोरीसारखा पीळ घेते. पिळाच्या एका अंगाला तेलात मुरणारी आम्लं येतात, दुसऱ्या अंगाला धन भार असलेली. जंतूंच्या आवरणावर ऋण भार असतो, म्हणून पेप्टाइड तिकडे ओढलं जातं, आत घुसतं आणि आवरण फाटतं. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते, शिवाय आवरणात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात.

बऱ्याच अंशी म्हणजे पुरेशा नव्हे, आणि माझे दिवस जातात ते इथेच. मूळ आयएससीटी आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतं. मग साखळीतला एखादा दुवा बदलून पाहायचा. सातव्या जागी ऋण भाराचं ग्लुटामिक आम्ल आहे, ते काढून धन भाराचं लायसिन बसवलं, आठव्या जागी प्रोलिन घालून पीळ मधेच मोडला, अकराव्या जागीही लायसिन दिलं, की जंतू मरतात आणि तांबड्या पेशी टिकतात. हे दुसऱ्यांनी आधीच दाखवून दिलंय. त्याच वाटेने आम्ही इतर विंचवांच्या पेप्टाइडांवर काम करतो. त्यासाठी विंचू पाळावा लागत नाही, आईला तेवढं नक्की सांगा. साखळी यंत्रावर एकेक आम्ल जोडत तयार होते.

तयार झाली की तिची परीक्षा शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत होते. खळग्यांत पातळ केलेल्या तांबड्या पेशी घालायच्या, पेप्टाइड कमी-जास्त करत टाकायचं, तासाभराने ताटली यंत्रात फिरवायची. वरचं पाणी नितळ आणि तळाला लाल टिकली बसलेली दिसली, तर पेशी शाबूत. सगळा खळगा लालभडक झाला, तर पेशी फुटल्या, ती साखळी बाद. दुसऱ्या ताटलीत जंतू असतात. रात्रभर ऊब देऊन सकाळी बघायचं. गढूळ खळग्यात जंतू वाढले, नितळ खळग्यात वाढले नाहीत. दोन्ही ताटल्या एकाच साखळीला चांगलं म्हणतील असा दिवस विरळा, पण तो आला की मला घरी फोन करावासा वाटतो.

बाबांच्या पायाच्या जखमेचा तो रिपोर्ट अजून माझ्या फोनात आहे. औषधांच्या नावांपुढे खाली खाली नुसता 'आर' लिहिलेला, म्हणजे ते औषध चालत नाही. शेवटी एक इंजेक्शन लागू पडलं म्हणून पाय वाचला. तेही चाललं नसतं तर? 2019 साली जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली. मी हे काम धरलं ते त्या रिपोर्टमुळे.

मात्र आमचं औषध उद्या येईल, असं बाबांना सांगू नका. विंचवाच्या विषातलं असं एकही पेप्टाइड अजून औषध म्हणून बाजारात आलेलं नाही. गोळी करून दिलं तर पोटातच पचून जातं. रक्तातली पाचकंही लायसिनपाशी साखळी तोडतात. त्यावर उपाय म्हणून आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट घडणीची, डी अमिनो आम्लं वापरतात, पण ती महाग पडतात. मला वाटतं, सुरुवात जखमेवर लावायच्या मलमाने होईल. तोवर आहेत ती औषधं जपून वापरायला हवीत. मधू साध्या सर्दीला दुकानातून अँटिबायोटिक आणतो, ते कृपा करून बंद करा. तुमचं तो ऐकतो.

आणखी एक, तुम्हाला आवडेल म्हणून. आपल्या लाल विंचवाच्या विषातलं आयबेरिओटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, पेशींतला पोटॅशियमचा एक मार्ग बंद करून पाहायला. बाटलीवर त्या विंचवाचं नाव वाचलं आणि बाजूच्या मुलीला म्हटलं, हा आमच्या श्रीवर्धनकडचा.

बाबांच्या पायाला रोज कोण बघतं ते कळवा. तळव्याचा फोटो मधूकडून दर रविवारी पाठवायला सांगा. आईला, काकूला नमस्कार.

तुमची नात,
वैदेही