गर्भपिशवी राखणाऱ्या उपचारांसाठी मदतनिधी : एक आवाहन

सप्रेम नमस्कार,

गर्भाशयाच्या मुखावर काही बिघाड सापडला किंवा गर्भपिशवी खाली सरकून अंग बाहेर येऊ लागले, की घरात पहिला सल्ला मिळतो तो पिशवी काढून टाकण्याचा. आमच्या समितीचा अनुभव असा, की हा निर्णय पुष्कळदा आजार पाहून होत नाही, फेऱ्या पाहून होतो. पिशवी काढायला एकदाच दाखल व्हावे लागते. ती राखायची तर तपासणीला या, उपचाराला या, पुन्हा दाखवायला या. हातावर पोट असलेल्या बाईची प्रत्येक फेरीला त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणी तरी लागते, लेकराला कोणाकडे तरी ठेवावे लागते. या फेऱ्यांचा आणि पिशवी राखणाऱ्या उपचारांचा खर्च उचलण्यासाठी आम्ही मदतनिधी उभारत आहोत.

गर्भाशयमुखावरच्या पेशी बदलल्या म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला तर हे बदल होतात. त्याचे 16 आणि 18 हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांमागे आहेत. हे बदल किती झालेत ते तपासणीच्या अहवालात 'सीआयएन' 1 ते 3 अशा पायऱ्यांत लिहितात. 'सीआयएन 1' म्हणजे सौम्य बदल असतील तर बहुतेक वेळा ते आपोआप बरे होते, लक्ष ठेवले की पुरते. 'सीआयएन 3' म्हणजे तीव्र बदल मात्र अंगावर काढायचे दुखणे नव्हे. पुरेसा उपचार न मिळालेल्या अशा बायकांपैकी साधारण 30 टक्के जणींना 30 वर्षांच्या काळात कर्करोग झाल्याचे न्यूझीलंडमधल्या पाहणीत दिसले होते. म्हणजे घाबरून रातोरात पिशवी काढायची गरज नसते, आणि विसरून जाण्याचीही सोय नसते.

उपचार बऱ्याचदा तेवढ्या भागापुरताच असतो. डॉक्टर गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक आम्ल लावून थोडे थांबतात. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. कॉल्पोस्कोप या मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नीट पाहून गरजेप्रमाणे उष्णतेने जाळतात, गोठवतात किंवा विजेवर चालणाऱ्या बारीक तारेच्या फाशाने तेवढाच पापुद्रा कापून काढतात. या शेवटच्या पद्धतीला लीप म्हणतात. जागा बधिर करून ती थोड्या मिनिटांत होते, बाई सहसा त्याच दिवशी घरी जाते आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवता येतो. नंतर काही दिवस अंगावरून पाण्यासारखे किंवा थोडे लालसर जाते, काही आठवडे शरीरसंबंध टाळावे लागतात. पुढे दिवस राहू शकतात. मोठा तुकडा काढला असेल तर बाळंतपण मुदतीआधी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून गरोदरपणात ही शस्त्रक्रिया झाल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे.

उपचारानंतर साधारण वर्षभराने एचपीव्हीची तपासणी पुन्हा करायची असते, आणि नेमकी हीच फेरी चुकते. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला जायचे, असे वाटते. या बिघाडासाठी पिशवी काढली तरी तपासण्या सुटत नाहीत, कारण तसेच बदल योनीमार्गाच्या वरच्या टोकाला होऊ शकतात. हे पिशवी काढण्याआधी बाईला कोणी सांगितलेलेच नसते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

अंग बाहेर येण्याचे दुखणे तर बायका लाजेपोटी वर्षानुवर्षे लपवतात. लघवी अडली की बोटाने अंग आत सारायचे, आणि पुन्हा कामाला लागायचे. बाळंतपणे, जड ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठ, पाळी गेल्यानंतरची स्नायूंची शिथिलता अशी त्याची कारणे. सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात, पण कोणता स्नायू आवळायचा हे शिकवणारे माणूस हवे. पुढच्या अवस्थेत पेसरी, म्हणजे सिलिकॉनची कडी, बसवतात. ती दुमडून आत सरकवली की बाईला खोकायला, चालायला, लघवीला जाऊन यायला सांगतात. निसटली तर मोठी, टोचली तर लहान. एकाच मापाने भागत नाही, म्हणूनच आम्हाला सगळ्या मापांचे संच हवे आहेत.

शस्त्रक्रिया लागलीच तरी पिशवी राखून अंग वर बांधता येते. मुलेबाळे व्हायची असलेल्या तरुण बायकांचा विचार करून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. वि. न. पुरंदरे यांनी अशा शस्त्रक्रिया बसवल्या, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. नेदरलँड्समध्ये 208 बायकांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिशवी राखून ती ओटीपोटातल्या अस्थिबंधाला (हाडांना जोडणाऱ्या मजबूत पट्ट्याला) टाके घालून बांधण्याचा परिणाम वर्षभरानंतर पिशवी काढण्यापेक्षा कमी ठरला नाही. पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग पुन्हा उतरू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. योनीमार्गातून जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र हा निधी मदत करणार नाही. अंग बाहेर येण्यावरच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध नियामकाने 2019 मध्ये थांबवायला लावली आहे.

कर्करोग असेल, पिशवीचा दुसरा आजार असेल किंवा सगळे समजून घेऊन बाईनेच तसे ठरवले असेल, तर पिशवी काढणे योग्यच. तिलाही आम्ही तेवढ्याच आस्थेने मदत करू. तिच्यापुढे दुसरी वाट होती आणि केवळ पैशावाचून ती बंद झाली, एवढे मात्र होऊ द्यायचे नाही.

देणगी कितीही लहान चालेल. एका बाईच्या वर्षभराच्या फेऱ्यांची जबाबदारी एका कुटुंबाने घेतली तर फारच उत्तम. पेसरीचे संच किंवा हातात धरून वापरायचे थर्मल ॲब्लेशनचे, म्हणजे बिघडलेला भाग उष्णतेने जाळण्याचे, यंत्र वस्तुरूपानेही देता येईल, फक्त खरेदीआधी आमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट हव्यात, तपासणीच्या तारखांची वही सांभाळून फोनवर आठवण करणाऱ्या हव्यात, दवाखान्यात सोबत बसणाऱ्या हव्यात. ज्यांनी स्वतः हे उपचार घेतले आहेत अशा बायकांनी पुढे यावे, ही खास विनंती. पेसरी रात्री काढून धुता येते, हे डॉक्टरांपेक्षा ती वापरणाऱ्या बाईकडून ऐकले की चटकन पटते.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च कोणालाही कार्यालयात पाहता येईल. मदत घेणाऱ्या बाईचे नाव किंवा फोटो मात्र देणगीदारांनाही मिळणार नाही, कृपया तसा आग्रह धरू नये. देणगी समितीच्या कार्यालयात जमा करावी, आणि ज्यांना वेळ द्यायचा आहे त्यांनी आठवड्यातले आपले मोकळे दिवस तिथल्या वहीत लिहून ठेवावेत.