“काका, सोबत कोण आहे?”

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हयातीच्या दाखल्यासाठी नुकताच बँकेत गेलो होतो. चार पायऱ्या, शेजारी रॅम्प आणि रॅम्पच्या तोंडाशीच लावलेली एक मोटारसायकल. ती हलवली. पण माझी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर अर्ध्यावर पुढून उचलली जायला लागली, तशी मी ती मुकाट्याने मागे घेतली. रखवालदार भला माणूस. “काका, सोबत कोण आहे?” कोणी नाही म्हटल्यावर त्याने टपरीवरची दोन पोरं बोलावली. खुर्ची नव्वद किलोची, वर मी सत्तर किलोचा. त्यांनी हात घातला तो नेमका आर्मरेस्टला. तो काढता-घालता येणारा असतो, त्यामुळे तो तेवढा हातात आला! शेवटी साहेबच खाली आले आणि त्याच मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून माझी सही घेऊन गेले.

“पण रॅम्प आहे की!” असं जो तो म्हणतो. आहे, हिशेब मात्र कोणी केलेला नाही. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या एका पायरीला 1.8 मीटर लांबी. चार पायऱ्यांना सात मीटरहून जास्त. बँकेतला जेमतेम दोन मीटर आहे. साधी व्हीलचेअर पंधरा-वीस किलोची असते, दोघं जण ती उलटी करून वर खेचतात आणि काम भागतं. इलेक्ट्रिक खुर्ची माणूस घेतो तो मुळी ढकलायला कोणी लागू नये म्हणून. बायकोची कंबर गेली, तेव्हा मी ती घेतली.

पुण्यात चांगलं काही नाही असं नाही. नळ स्टॉपला लिफ्टने वर जाऊन मी एकटा मेट्रोने सिव्हिल कोर्टापर्यंत जातो, कोणाला हाक मारावी लागत नाही. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवरून जाताना तर मजा येते. अडतं ते घर ते स्टेशन या टप्प्यात. दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी पाइप रोवलेत. माझी खुर्ची 63 सेंटिमीटर रुंद, दोन पाइपांमधली फट त्याहून कमी. मग मी डांबरी रस्त्यावर, पीएमपीच्या बसशेजारी. जिथून माझी खुर्ची जाईल तिथून एखादी स्कूटरही घुसेल, हे मला मान्य आहे. पण त्या स्कूटरवाल्याला दंड करा ना, मला रस्त्यावर का काढता?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही त्यात येतात. नियम जून 2017मध्ये निघाले, म्हणजे मुदत 2022लाच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला बजावलं की नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, सक्तीचे किमान निकष ठरवा. निकष होतील तेव्हा होतील. एक गोष्ट महापालिकेला आजही करता येईल. फुटपाथ किंवा रॅम्पचं काम झालं, की ठेकेदाराचं बिल काढण्याआधी इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरणाऱ्या एकाला त्यावरून एकट्याने जायला सांगा. इंजिनिअर साहेबांनी दहा पावलं लांब उभं राहायचं, हात लावायचा नाही. तो पलीकडे पोहोचला तर बिल मंजूर.

मी कोथरूडला राहतो. आदल्या दिवशी कळवलं, तर रात्री बॅटरी चार्जिंगला लावून सकाळी हजर होईन.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे