समुद्रातलं तेलाचं काम थांबवण्याचा अधिकार आपल्या मंत्रालयाबाहेर ठेवा

मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

कोल्हापूरला समुद्र नाही. तरी हे पत्र शिरोलीहून लिहितोय, कारण समुद्रातल्या तेलाला लागणारे हात इथूनही जातात. मी पोरांना सिक्स-जी वेल्डिंग शिकवतो. पाइप 45 अंशात तिरका बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही. वेल्डरनंच त्याच्याभोवती वाकून जोड पुरा करायचा. रूटमध्ये, म्हणजे जोडाच्या अगदी तळच्या थरात, जरा पोकळी राहिली की एक्स-रेवर काळा ठिपका उमटतो आणि पोरगं नापास. तिथं कुणाचा वशिला चालत नाही. हा कडकपणा वरच्या खुर्च्यांनाही लागू व्हावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या तेलशोध मोहिमेची घोषणा झाली. तेल जरूर काढा. आपलं बहुतेक कच्चं तेल बाहेरूनच येतं. पण मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पाणी साधारण 75 मीटर, तिथं पोलादी पाय तळात रोवून प्लॅटफॉर्म उभा राहतो. काकीनाड्यासमोर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीनं जानेवारी 2024 मध्ये खोल पाण्यातून तेल काढायला सुरुवात केली, तिथं वर तरंगतं जहाज आणि विहिरीचं तोंड पार तळाशी. त्या खोलीवर बुडी मारणारा माणूस उतरू शकत नाही, यंत्रच सोडावं लागतं. बिघाड झाल्यावर फार काही हातात राहत नाही, म्हणून वेळेत थांबणं हीच खरी सुरक्षा.

आणि थांबायला कुणालाच नको असतं. एप्रिल 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर विहिरीतल्या दाबाची चाचणी चालू होती. गेजवर शून्य हवं होतं, दिसत होतं 1,400 पीएसआय. काम आधीच रखडलेलं, खर्च वाढलेला. मग त्या आकड्याचं सोयीचं स्पष्टीकरण शोधलं गेलं आणि काम पुढं रेटलं. 11 माणसं गेली, विहीर 87 दिवस वाहत राहिली. त्याआधी 1988 मध्ये ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म पेटला, 167 जण गेले. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून पाइपांच्या त्याच जाळ्यात तेल-वायू येतच राहिला, कारण बंद करायचा निर्णय कुणी घेईना. चौकशीनंतर ब्रिटननं सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे दिली. अमेरिकेनंही 2010 नंतर महसूल गोळा करणारे आणि सुरक्षा बघणारे वेगळे केले.

आपल्याकडे? 2008 च्या नियमांनुसार समुद्रातल्या सुरक्षेची जबाबदारी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे, आणि ते आपल्याच मंत्रालयाखाली. उत्पादन वाढवा म्हणणारे आणि काम बंद करा म्हणणारे एकाच साहेबाला उत्तर देणार. तिथल्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही, मांडणीच चुकीची आहे.

मे 2021 चं तौक्ते वादळ आठवा. हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते. तरी पी-305 हा बार्ज, म्हणजे तेलक्षेत्रातल्या कामगारांचा तरंगता मुक्काम, 261 माणसांसह समुद्रातच थांबला. नांगर तुटले, बार्ज प्लॅटफॉर्मवर आदळला आणि बुडाला. 70 हून अधिक लोक गेले, बहुतेक कंत्राटी: वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी. त्यानंतर चौकशी समितीही आपल्याच मंत्रालयानं नेमली. पावसाळ्यापूर्वी काम संपवायची घाई सगळ्यांनाच असते, त्यात नवीन काही नाही. प्रश्न असा की बार्ज बंदरात न्यायचा हुकूम कोण देतो, आणि तो दिल्यावर दिवसाचं भाडं कुणाच्या खिशातून जातं?

राधानगरीच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या फोनची वाट बघत नाहीत. समुद्रात तसाच नियम हवा. ठरावीक पातळीचा वादळाचा इशारा आला की बार्ज बंदरात, बैठक नको आणि कंत्राटदाराची परवानगी नको. त्या दिवसांचं भाडं आणि मजुरी काम देणाऱ्या कंपनीनं द्यावी, म्हणजे थांबण्यात कुणाचं नुकसान नाही. आणि सुरक्षा संचालनालय कायद्यानं स्वायत्त करून आपल्या मंत्रालयाबाहेर काढावं. एखाद्या वेल्डरनं काम थांबवलं तर त्याला पुढच्या हंगामात काळ्या यादीत टाकता येणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहावं. आज तो बोलला तर पुढचं बोलावणं येत नाही, एवढं साधं आहे.

खोल समुद्राची नवी कंत्राटं निघण्याआधी हे व्हावं. एकदा करारावर सह्या झाल्या की प्रत्येक बदलाची किंमत सरकारकडेच मागितली जाईल.

आपला,
एक वेल्डिंग प्रशिक्षक
शिरोली, जि. कोल्हापूर