कोंबडीतले औषध मोजता, जनुके कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मांस, अंडी, दूध यांतील प्रतिजैविकांच्या अंशाबाबत अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागातल्या ब्रॉयलर शेडवर मी बरीच वर्षे उपचाराला जाते, त्यामुळे या नियमांचे मला मनापासून समाधान आहे. पण त्यांच्या कक्षेबाहेर एक फार मोठी गोष्ट राहिली आहे. तिच्याकडे आपल्या वाचकांचे आणि पशुसंवर्धन खात्याचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

अंशाच्या तपासणीत यंत्र मांसातला औषधाचा रेणू शोधते. पक्षी विक्रीसाठी उचलण्याच्या काही दिवस आधी औषध थांबवले की तो रेणू पक्ष्याच्या शरीरातून निघून जातो आणि नमुना 'पास' होतो. (ज्या औषधाचा थांबण्याचा काळ तपासून ठरलेला नाही, त्याला २०१२ च्या नियमाप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस सोडावे लागतात. ब्रॉयलरची बॅच चाळिसाव्या दिवसाच्या आसपास उचलली जाते. तिसऱ्या आठवड्यात औषध दिलेल्या शेडवर हे २८ दिवस कुठून आणायचे, हे कोणीच सांगत नाही.) औषध निघून गेले तरी त्या औषधातून तगलेले जिवाणू आतड्यातच असतात. त्यांच्यातली प्रतिरोधाची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची, जनुके औषध थांबवल्याने कुठेही जात नाहीत. कापताना आतडे फुटले की ती मांसावर येतात, विळीवर, पाटावर, शेजारच्या कोशिंबिरीवर येतात. नीट शिजवले की साल्मोनेला, म्हणजे कोंबडीतून माणसाला जुलाब-ताप आणणारा जिवाणू, मरतो, हे खरेच. पण शिजण्याआधी तो किती हातांतून जातो, हेही प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे.

ही जनुके येतात कुठून? पिल्लांचे बूड पातळ विष्ठेने चिकटू लागले, मरतूक चढली की बहुतेक शेडवर पहिली उघडते ती एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली. पाण्याच्या टाकीत ओतली की आजारी आणि धडधाकट, सगळ्याच पक्ष्यांच्या पोटात ते औषध जाते. कोंबडीच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे माणसाला टायफॉइडवर वर्षानुवर्षे सर्रास दिले गेलेले औषध. जिवाणूला आपल्या डीएनएचा पीळ सोडवायला गायरेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते आणि हे औषध नेमके त्यालाच जखडते. साल्मोनेलाच्या जनुकसंचात साधारण ४८ लाख अक्षरे असतात. त्यांतल्या 'गायर-ए' या जनुकातले एक अक्षर बदलले आणि विकरातल्या ८३ व्या जागी सेरीनऐवजी दुसरे अमिनो आम्ल आले, की औषधाची पकड ढिली पडते. असा बदल एखाद्या जिवाणूत आपसूक होतच असतो. औषध ओतून आपण त्याच्या भोवतीचे बाकीचे सगळे मारतो आणि त्याला मोकळे रान देतो.

हा बदल निदान त्या जिवाणूच्या वंशापुरताच राहतो. प्लाझ्मिडचे तसे नाही. मुख्य गुणसूत्राबाहेरची ही डीएनएची छोटी कडी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे थेट जाते. कोंबडीच्या आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडून ती साल्मोनेलाकडेही जाते. एकाच प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिन, सल्फा, कधी सेफॅलोस्पोरिन अशा वेगवेगळ्या औषधांविरुद्धची जनुके एका गाठोड्यात बांधल्यासारखी असतात. म्हणून एका औषधावर बंदी घालून दुसरे चालू ठेवले, की त्या दुसऱ्याच्या जिवावर अख्खे गाठोडे टिकून राहते. निओमायसिन-डॉक्सीसायक्लिनची पावडर 'साधी' समजून वाटेल तशी वापरणाऱ्यांना मी हेच सांगत असते.

कॉलिस्टिनचे उदाहरण ताजे आहे. रुग्णालयात बाकी सगळे हरले की शेवटी काढायचे हे औषध कोंबड्यांना वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरे, कोंबडीचे मांस आणि माणसे यांच्यातल्या जिवाणूंत 'एमसीआर-१' हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे जाहीर केले. ते जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरचा ऋण भार कमी करते, आणि धन भाराचे कॉलिस्टिन तिथे चिकटूच शकत नाही. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कॉलिस्टिनवर बंदी घातली. निर्णय उत्तम होता. पण त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या शेडमध्ये हे जनुक घटले की तसेच राहिले, हे मला कोणत्याही सरकारी कागदावर वाचायला मिळत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका शेडवर दुसऱ्या आठवड्यातली पिल्ले पंख पाडून ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली गोळा झाली होती. मेलेली दोन-तीन दारातच उघडली. पोटात न जिरलेला बलक, यकृतावर पांढरट ठिपके. यकृताचे तुकडे बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले. मी शेतकरीदादांना म्हटले, अहवाल येऊ द्या. ते म्हणाले, "मॅडम, पाच दिवस थांबलो तर निम्मी बॅच जाईल. कंपनीच्या सुपरवायझरने बाटली देऊन ठेवलीय." करार पद्धतीत पिल्ले, खाद्य, औषध सगळे कंपनीचेच. किलोमागे मोजके पैसे मिळणारा माणूस बाटलीवरचे बारीक अक्षर वाचत बसेल कसा? पुढे प्रयोगशाळेत त्या यकृतातले जिवाणू वाढवलेली बशी मी स्वतः पाहिली. ज्या औषधाचा गुण येतो, त्यात भिजवून बशीत ठेवलेल्या चकतीभोवती स्वच्छ मोकळे वर्तुळ दिसते. या बशीत एन्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिनच्या चकत्यांना अगदी चिकटून साल्मोनेला दाट वाढला होता. तोवर टाकीत एन्रोफ्लॉक्सासिन ओतून झाले होते, आणि बॅच संपल्यावर त्या शेडमधले लिटर (जमिनीवरचे भुसा-विष्ठेचे अंथरूण) कोंबडखत म्हणून द्राक्षबागेत गेले. ढीग नीट लावून कुजवला, आतली उष्णता काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिली, तर बहुतांश जिवाणू मरतात. पण ट्रॉली भरली की थेट बागेत, हीच आपल्याकडची रीत आहे.

मोजले तर काय हाती लागते, हे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने दाखवले आहे. तिथल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, पिल्लू बाहेर येण्याआधीच अंड्यात सेफ्टिओफर टोचत असत. सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन गटातले, माणसांना लागणाऱ्या औषधांचे जवळचे भावंड. कॅनडाची सरकारी यंत्रणा दुकानातल्या चिकनमधला आणि आजारी माणसांमधला साल्मोनेला हायडेलबर्ग (साल्मोनेलाचा एक प्रकार), दोन्ही एकाच वेळी तपासत होती. दोन्हीकडे प्रतिरोध चढलेला दिसल्यावर २००५ च्या सुरुवातीला हॅचरीवाल्यांनी स्वतःहून टोचणे थांबवले. चिकनमधल्या या जिवाणूत सेफ्टिओफरला दाद न देण्याचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, माणसांत ३६ वरून ८ टक्क्यांवर. २००७ मध्ये काही ठिकाणी पुन्हा टोचायला लागल्यावर ते पुन्हा वाढले. यातला एकही आकडा औषधाचा अंश मोजून मिळाला नसता.

आपल्याकडे माणसांची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यात होते, जनावरांची कृषी संशोधन परिषदेच्या वेगळ्या जाळ्यात. तालुक्यातल्या पशुवैद्यकाच्या हाती यातले काहीच पडत नाही. आणि त्यालाच तर अहवाल यायच्या आत, शेडच्या दारात उभे राहून औषध ठरवायचे असते. माझे मागणे एवढेच आहे, की औंधच्या रोग अन्वेषण विभागाने आणि पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांनी दर सहा महिन्यांनी जिल्हावार तक्ता मराठीत प्रसिद्ध करावा. हॅचरी, शेड आणि चिकन दुकाने येथे सापडलेला साल्मोनेला कोणत्या औषधाला दाद देतो, कोणत्याला नाही, आणि त्यात कोणती जनुके आढळली, हे त्यात असावे. हॅचरी त्यातून वगळू नये, कारण पुष्कळदा पिल्लू शेडवर येतानाच हे जिवाणू घेऊन येते. त्याच तक्त्यात बाजूला जिल्हा रुग्णालयाचे आकडे छापावेत. असा तक्ता हाती असता, तर त्या शेडवर पहिल्याच दिवशी "एन्रोफ्लॉक्सासिन नको" हे मला पुराव्यासह सुपरवायझरला फोनवर सांगता आले असते.

नमुने गोळा करून द्यायला माझ्यासारखे खासगी पशुवैद्यक तयार आहेत. नमुन्याच्या बाटल्या आणि तपासणीचा खर्च मात्र शासनाने आणि करार करणाऱ्या कंपन्यांनी मिळून उचलावा. तो शेतकऱ्याच्या बिलातून कापला, तर शेडवरून एकही नमुना येणार नाही.

आपली नम्र,
एक खासगी पशुवैद्यक, ता. निफाड, जि. नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)