संध्याकाळ आम्हाला परत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली पुरवण्यांमध्ये ऑफिसनंतर रिलॅक्स कसं व्हायचं यावर बरेच लेख येतात आणि मी ते आवडीने वाचते. दीर्घ श्वास घ्या, गॅलरीत चार कुंड्या ठेवा, अर्धा तास गाणी ऐका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सगळं बरोबर आहे आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण हे करायला जी संध्याकाळ लागते ती शिल्लक किती आहे हे कोणी विचारत नाही म्हणून लिहितेय. मी डोंबिवलीला राहते, मुंबईत एका खासगी ऑफिसात अकाउंट्सला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांचा निर्णय घेतला. दुकानं-ऑफिसांमध्ये दिवसाचे ९ तास होते ते १० करायचे, कारखान्यांमध्ये ९ चे १२ पर्यंत, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही वाढवून १४४ तासांवर न्यायची. हे वीस आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी. आठवड्याचे ४८ तास तेच ठेवलेत, जास्तीच्या कामाला दुप्पट पैसे आहेत, कामगाराची लेखी संमती लागेल असंही सांगितलंय, हे सगळं मी वाचलंय आणि ते लिहिणं भाग आहे. पण लेखी संमतीचं सांगते, जिथे दर वर्षी इन्क्रिमेंट आणि अप्रेझल साहेबाच्या हातात असतं तिथे संमतीच्या कागदावर नाही म्हणून सही कोण करणार हो? निदान मी तरी अशी बाई किंवा असा माणूस बघितला नाही.

आता याचा हिशोब घराच्या बाजूने मांडा. डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट मिळाली तर तास-सव्वा तास, त्याआधी रिक्षाची लाइन, नंतर स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालत किंवा बसने, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून साडेतीन तास कुठे गेले नाहीत. दहा तास काम अधिक साडेतीन तास प्रवास म्हणजे साडेतेरा. सात तास झोप धरली, आणि ती धरायलाच पाहिजे, तर उरले साडेतीन तास, त्यात सकाळचा डबा, आंघोळ, संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, आणि बदलापूर-कर्जतवाल्यांचं तर बोलायलाच नको, त्यांचा प्रवास आमच्याही पुढे जातो. यातून स्वतःसाठी अर्धा तास काढा असं सांगणं सोपं आहे, तो काढायचा कुठून हे सांगणारा लेख मला अजून मिळाला नाही.

झोनेनटाग नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, कामानंतर माणूस पुन्हा ताजातवाना कसा होतो यावरच त्यांचं बरंच काम आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या, मनाने कामापासून सुटणं, शरीर-मन सैल सोडणं, काहीतरी नवीन शिकणं किंवा जमवणं, आणि मोकळा वेळ कसा घालवायचा हे आपल्या हातात असणं. आपले लेख पहिल्या तीन गोष्टींवर भरभरून लिहितात आणि चौथी सोडून देतात. माझ्या मते सगळं त्या चौथीवर अडलंय.

लोकलमध्ये बघा ना. संध्याकाळच्या गाडीत भजनी मंडळं असतात, टाळ वाजवत माणसं ठाणे-कल्याणपर्यंत गात जातात, काहींना त्या आवाजाचा त्रास होतो हेही खरं आहे, पण दिवसभर कुठे कुठे राबून आलेल्या त्या माणसांचे चेहरे अभंग म्हणताना कसे मोकळे होतात ते मी घाटकोपरच्या पुढे कितीदा तरी बघितलंय. आमच्या लेडीज डब्यात मटार सोलणं चालू असतं, भाजी निवडणं, कोणाचं क्रोशे, कोणाचा वाढदिवस, दसऱ्याच्या आधी डब्याची पूजा, तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धी टेकलेली बाईसुद्धा हसत असते. ही आमची खरी विश्रांती, आणि ती कुठे मिळते तर घामाने भिजलेल्या गर्दीत, कारण तेवढाच वेळ असा आहे की तिथे ऑफिसपण नाही आणि घरपण नाही. लोकांना विरंगुळा कसा करायचा हे शिकवावं लागत नाही, सापडला वेळ की लोक करतातच, मला तर या बायकांचं फार कौतुक वाटतं.

पण आता तिथेही फोन आलाय. गाडी दादर सोडत नाही तोवर ग्रुपवर मेसेज, ती फाइल पाठवली का, उद्या फर्स्ट हाफमध्ये लागेल, आणि रात्री जेवताना परत एकदा, वर लिहिलेलं असतं की अर्जंट नाही, सकाळी बघितलंत तरी चालेल. अहो, पण वाचलं की डोक्यात बसलं ना ते, सकाळपर्यंत ते कुठे जाणार! निळ्या टिका दिसल्या की उत्तर द्यावंच लागतं, आणि नाही वाचलं तर दुसऱ्या दिवशी विचारतात. पगार दहा तासांचा आणि मन चोवीस तास हजर ठेवायचं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या फोन-ईमेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलून नियम ठरवावे लागतात, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून ड्युटी संपल्यावर वाजवी कारण नसेल तर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याचं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर खासदाराने स्वतः आणलेलं, मांडलं, २०२५ मध्ये परत मांडलं. खासगी विधेयकं आपल्याकडे पास होत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण निदान विषय तरी तिथे पोचला, त्याबद्दल पक्ष कोणताही असो मला बरं वाटलं.

आता घरातलं पण बोलायला पाहिजे कारण सगळा दोष ऑफिसवर टाकून चालणार नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात आलंय की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास! यात नोकरी नसलेल्या बायकाही आहेत हे मान्य, तरी नोकरी करणाऱ्या बाईची दुसरी ड्युटी घरी आल्यावर सुरू होते हे कोणत्याही घरात संध्याकाळी सातनंतर डोकावलं तरी दिसेल. नवरा दमून आला की त्याला चहा मिळतो आणि टीव्ही मिळतो, बायको दमून आली की तिला कुकर मिळतो. मी हे भांडायला म्हणून लिहीत नाहीये, पुरुष पण दमतातच, पण दोघंही दमलेत तर दोघांनी पोळ्या-भाजी वाटून घ्यावी, मुलांना ताटं घ्यायला लावावी, आठवड्यातून दोनदा खिचडी झाली तर कोणाचं काही बिघडत नाही, आणि सासूबाई-आईंनी त्यात मुलाची बाजू न घेता मदत करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तरुण मुलं रात्री एक-एक वाजेपर्यंत रील्स बघतात म्हणून सगळे ओरडतात, ऑफिसला जाणारी मुलंमुली पण तेच करतात. मला त्यांच्यावर रागवावंसं वाटत नाही. दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ त्यांना मिळतो आणि तो मिळतो झोपेतून कापून. संध्याकाळी सात वाजता ही मुलं मैदानावर, तालमीला, मित्राबरोबर कट्ट्यावर असती तर रात्री एकला फोन घेऊन जागी राहिली असती का?

हा विषय फक्त मूडचा पण नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. आणि आपल्याकडे मोठे मोठे उद्योगपती ७० तास, ९० तास काम करा म्हणून जाहीर सांगतात. त्यांना घरी गेल्यावर भांडी घासायची नसतात, गाडी चालवायला ड्रायव्हर असतो, त्यांनी त्यांच्यापुरतं जरूर करावं.

संपादक साहेब, आज आपण जो रविवार घेतो तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी मिळवलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. लोखंडे स्वतः 'दीनबंधू' या वर्तमानपत्राचे संपादक होते, म्हणजे हे काम पेपरवाल्यांनीच पुढे नेलेलं आहे आणि म्हणूनच तुम्हाला लिहितेय. पुढे त्याच गिरणगावात पाळी सुटल्यावर भजन, नाटक, व्यायामशाळा, कबड्डी असं केवढं काय काय उभं राहिलं! सरकारने १९५३ मध्ये कायदा करून कामगार कल्याण मंडळ काढलं, त्याची केंद्रं, वाचनालयं, नाट्यस्पर्धा आजही आहेत. आमच्या जून आणि डिसेंबरच्या पगारातून एमएलडब्ल्यूएफ म्हणजे कामगार कल्याण निधी म्हणून जे थोडे पैसे कापतात ते यासाठीच, पण ऑफिसात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना ते कशाचे कापले ते ठाऊक नसतं.

तर माझं म्हणणं असं, तुम्ही पुरवणीत टिप्स छापता तशी एक पानभर माहिती या मंडळाची छापा, कोणतं केंद्र कुठे आहे, संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, खासगी ऑफिसवाल्यांना तिथे काय काय मिळू शकतं. नगरपालिका-महापालिकांना विचारा की बागा आणि वाचनालयं साडेदहापर्यंत उघडी का ठेवता येत नाहीत, आम्ही स्टेशनवर उतरतो तोवर आमच्याकडच्या बागेच्या गेटला कुलूप लागायची वेळ झालेली असते. आणि आपल्या भागातल्या प्रत्येक आमदाराला नावानिशी विचारा की दहा तासांच्या निर्णयावर आणि ड्युटीनंतरच्या फोनवर तुमची भूमिका काय, मग ज्यांनी उत्तर दिलं त्यांची उत्तरं आणि ज्यांनी दिलं नाही त्यांची नावं, दोन्ही छापा.

आपली,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)